उत्तर

आईनं जिरेनियमची फांदी लपवून आणली होती,
ओल्या मोज्यात गुंडाळून, सुटकेसच्या तळाशी,
पाच आठवडे बोटीवर.
धक्क्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, काही झाडंबिडं?
ती काहीतरी बोलली, फ्रीशियनमध्ये.
तो समजायचं ते समजला.

ड्युनेडिनच्या दरीतलं ते लाकडी घर, भाड्याचं.
चार खिडक्यांतून तिनं दक्षिणेची निवडली,
काच वर्तमानपत्रानं पुसली
आणि कुंडी ठेवली. कुंडी म्हणजे
काकवीचा रिकामा डबा, बुडाला खिळ्यानं तीन भोकं.
आजीनं पत्रात बजावलंच होतं:
दक्षिणेची खिडकी. दुसरी कुठली नको.

फुटवे आले, पण कसे?
लांबुडके, पांढुरके,
एका पानापासून दुसरं पान वीतभर लांब,
सगळे काचेकडे माना काढून,
रांगेत मागं उभी राहिलेली माणसं
पुढं काय वाटतायत ते बघतात तसे.
आईनं पाणी वाढवलं. मग तोडलं.
कॉफीचा चोथा घातला, अंड्याची टरफलं घातली.
बाबा एकदाच म्हणाले, इथलं पाणी मानवत नसेल.
ते लोकरीच्या गिरणीतून यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून झोपायचे.
त्यांना काय मानवत नव्हतं
ते कुणी तपासलं नाही.

शेजारच्या एफी लॉकलन उसनी सुई परत करायला आल्या.
फटकळ बाई. डब्याकडे बघून म्हणाल्या,
"हिला अंधारात का कोंडलंय?"
आईनं बोट दाखवलं. दक्षिण!
"तेच तर. आमचा सूर्य उत्तरेनं जातो."
आईला वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं.
कोश काढला. उत्तर. हो, उत्तरच.

भर दुपारी ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली,
हात एप्रनमध्ये गुंडाळून,
स्वतःच्या सावलीकडे बघत.
सावली दक्षिणेला पडली होती.
सहा महिने तिथंच ती कपडे वाळत घालत होती.

मग घाई नडली.
डबा उचलून थेट उत्तरेच्या काचेत, ऐन जानेवारीत.
तिसऱ्या दिवशी पानं करपली, बोटानं चुरली जाऊ लागली.
एफी म्हणाल्या, "उपाशी माणसाला आधी पेज देतात गं,
मटण नाही."

त्यांनी टेबलावर पांढरा कागद ठेवला, वर हातभर अंतरावर पंजा धरला.
बोटं मोजता आली, तर ते ऊन.
नुसता पंजा, कडा पुसट, तर तो उजेड.
आणि कागदावर काहीच उमटलं नाही,
तर ती खोली माणसांची. माणसं काय, कशातही राहतात.
जिरेनियमला पहिलं द्या, नेच्याला दुसरं,
आणि दर रविवारी चर्चला निघताना
कुंडीला पाव फेरा.

आईनं जाळीचा पडदा लावला.
डबा हातभर मागं, मग रोज दोन बोटं पुढं.
मी पट्टीनं मोजायचे. कधी चोरून तीन करायचे.

जूनमध्ये दुपारी दोनलाच सूर्य डोंगरामागं जायचा.
तेवढा एक कवडसा घरात फिरे:
ओट्यावर, मग जिन्यावर, मग बाबांच्या खुर्चीवर,
आणि आई डबा घेऊन त्याच्या मागं मागं.
एकदा शाळेतून लवकर आले तर
गिरणीला सुट्टी होती की काय, कोण जाणे,
बाबा खुर्चीत, मांडीवर डबा,
डोळे मिटलेले, तोंड काचेकडे.
मी दार न वाजवता पुन्हा लोटलं.

ऑगस्टात लाल गुच्छ आला.
आईनं त्याच दिवशी आजीला लिहिलं,
मी खांद्यावरून वाचत होते:
झाड छान आहे. खिडकी अर्थातच दक्षिणेची.
मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं पाकिटाला जीभ लावली.

सहा आठवड्यांनी आजीचं उत्तर आलं.
एकच ओळ होती, ठळक, खाली रेघ मारून:
मी म्हटलं नव्हतं?